नऊ सामने, नऊ विजय आणि एक नकार

अमेरिकन फुटबॉलशी माझी ओळख ऑफिसमुळे झाली. क्लायंट तिकडचा, त्यामुळे सोमवारी संध्याकाळच्या कॉलची पहिली पाच मिनिटं वीकेंडच्या मॅचवर जायची. आपणही दोन शब्द बोलावेत म्हणून नियम शिकलो आणि मग जुन्या सीझनचे आकडे चाळायची सवय लागली. त्यात एका ओळीवर अडकलो. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, १९५१ : सामने ९, विजय ९. पुढच्या वर्षी या कॉलेजची ओळच नाही.

डेटा अचानक संपला की आमच्या धंद्यात पहिला संशय बगवर जातो. इथे बग नव्हता. कॉलेजने टीमच बंद केली होती.

हे जेझुइट पाद्र्यांचं छोटं कॉलेज. टीमचं नाव डॉन्स, कोच जो कुहॅरिक. टीममधला जिनो मार्चेटी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. टीमच्या बातम्या पेपरांना पाठवायचं काम पीट रोझेल नावाच्या तरुणाकडे. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू : टेक्सासमध्ये जन्मलेला ऑली मॅटसन आणि टेनेसीतल्या मेम्फिसचा बर्ल टोलर.

मॅटसन त्या सीझनमध्ये १,५६६ यार्ड धावला. देशात सर्वाधिक. म्हणजे सुमारे १,४३० मीटर, आणि तेही समोरची अख्खी टीम त्याला आडवं पाडायला धावत असताना. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅम कॉलेजविरुद्ध त्याने दोनदा किकऑफचा बॉल झेलला आणि जवळपास पूर्ण मैदान पार करून टचडाउन केला. डॉन्स ३२-२६ने जिंकले. पुढे कॉलेज ऑफ द पॅसिफिकला त्यांनी ४७-१४ असं धुतलं. आता सगळ्यांचे डोळे ‘बाउल’कडे लागले.

बाउल म्हणजे सीझन संपल्यावर, नववर्षाच्या आसपास होणारे निमंत्रितांचे सामने. आयोजक टीम निवडणार, स्टेडियम भरणार, कॉलेजला पैसे मिळणार. डॉन्सना मानापेक्षा पैशांचीच जास्त गरज होती, कारण कॉलेजचं फुटबॉल तोट्यात होतं. एक बाउल मिळाला तर टीम वाचण्याची आशा होती.

पण मोठे बाउल बहुतेक दक्षिणेत. ऑरेंज बाउल मायामीत. तिथे तेव्हा शाळा, बस, हॉटेलं, सगळीकडे वर्णभेद कायद्याने चालायचा. कोचमार्फत खेळाडूंपर्यंत निरोप आला : मॅटसन आणि टोलरला घरी ठेवलंत, तर बोलावणं येऊ शकतं.

खेळाडूंनी नाही म्हटलं. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे सांगितलं की यावर मतदान घ्यायचीही गरज पडली नाही. बोलावणं आलं नाही. १ जानेवारी १९५२ला ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेकने बेलरला १७-१४ने हरवलं. डॉन्स घरी होते.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. न खेळवण्यासाठी एक सोयीचं कारण उपलब्ध होतं : डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. ते पूर्ण खोटं नाही. नऊ सामन्यांत लष्करी तळांच्या टीमही होत्या आणि देशाच्या क्रमवारीत डॉन्स १४वे होते. भेदभाव असाच चालतो. कागदावर पटण्यासारखं कारण असतं, खरी अट तोंडी सांगितली जाते.

आणि कधीकधी तोंडी सांगायचीही तसदी घेतली जात नाही. त्याच सीझनमध्ये, २० ऑक्टोबरला, ओक्लाहोमात ड्रेक युनिव्हर्सिटीच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूला भर मैदानात ठोसे मारून त्याचा जबडा मोडला. बॉल त्याच्याकडे नसताना. त्या फोटोंना पुलित्झर मिळालं.

पुढचं थोडक्यात. मॅटसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावला आणि ४०० मीटरमध्ये ब्राँझ, रिलेत सिल्व्हर घेऊन आला. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं, ते याच ऑलिंपिकमध्ये. मॅटसन, मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे एकाच कॉलेज टीममधले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. बातम्या पाठवणारा रोझेल १९६०मध्ये एनएफएलचा कमिशनर झाला.

टोलरचा गुडघा १९५२मध्येच एका सामन्यात गेला. व्यावसायिक खेळाची दारं बंद झाली. तो शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक आणि १९६५मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच. ज्याला मैदानावर येऊ नको म्हटलं, तो पुढे शिट्टी घेऊन त्याच खेळाच्या सर्वात मोठ्या सामन्यात, १९८०च्या सुपर बाउलमध्ये, उभा राहिला.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण मी या ओळीवर का अडकलो, ते सांगायला हवं.

इंजिनीअरिंगला असताना आमच्या होस्टेलची क्रिकेट टीम होती. शहरातल्या एका टेनिस-बॉल स्पर्धेचं बोलावणं आलं. नावांची यादी पाठवली, तर आयोजकांपैकी एकाचा फोन : “बाकी सगळे या. ते दोघं नकोत, इथल्या लोकांना आवडत नाही.” त्या दोघांची आडनावं सोडली तर त्यांच्यात वेगळं काही नव्हतं. एक तर आमचा ओपनिंग बॉलर. तो हसत म्हणाला, “जा रे, खेळून या.” आम्ही त्या हसण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. दोन बदली खेळाडू घेतले आणि गेलो. दुसऱ्या फेरीत हरलो. परतताना रिक्षात कुणी काही बोललं नाही. त्यानंतरही नाही.

डॉन्सची मुलं आमच्याच वयाची होती. नाही म्हटल्यावर त्यांचा बाउल गेला, पाठोपाठ टीमही गेली. आमचं काय गेलं असतं? फार तर एक रविवार.