खलबत, कट, कसब

शेंडीला आमचं दोन दिवसांचं अभ्यास शिबिर होतं. भंडारदरा धरणाला लागूनच. मी रात्रपाळी करून तसाच निघालो होतो. राजूरपर्यंत एस.टी., पुढं जीप. रात्री आम्ही आठ-नऊ पोरं शेकोटीला बसलो. विषय युनियनचा, आवाज बारीक. ज्यांच्या पडवीत उतरलो होतो ते म्हातारबाबा घोंगडी सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "काय रं पोरांनो, काय खलबत चाललंय?"

सगळे हसले. मला पुरतं हसू आलं नाही. आठच दिवसांपूर्वी सूतगिरणीच्या ऑफिसातून माझ्या हातात कागद पडला होता. 'सहकामगारांशी संगनमत करून शिस्तभंगाचा कट रचल्याचे निदर्शनास आले आहे.' आम्ही रचलं काय होतं? संडासाला दार नाही म्हणून अर्ज. टपरीवर बसून लिहिलेला. आठ सह्या, एक अंगठा. तीच पोरं, तसंच बसणं, तसाच बारीक आवाज. म्हातारबाबांच्या तोंडी खलबत, ऑफिसच्या कागदात कट.

त्या रात्री झोप आली नाही. शब्द उलटेपालटे करत पडलो.

खलबत फारसीतून आलं. मूळ अर्थ एकांत. रायगडावर खलबतखाना आहे, गाईड लोक तो आदरानं दाखवतात. राजाचं ते खलबत. मसलतही तशीच, तिच्यात हिताचा सल्ला आहे. बेत तर घरचा शब्द, बेत जेवणाचाही असतो. डाव म्हणजे खेळातली पाळी, आणि आमटी वाढायचा डावही तोच. कावा मुळात घोड्याचा. घोडा गोल फिरवायचा, त्याला कावा म्हणत. मोगल मराठ्यांना गनीम म्हणजे शत्रू म्हणायचे. शत्रूनं दिलेली ती शिवी मराठ्यांनी कपाळाला लावली आणि गनिमी कावा हा अभिमानाचा शब्द झाला. शिवी अशी फिरवता येते, हे आपण ध्यानात ठेवावं.

पण खरी गंमत कारस्थानाची. नारायणराव पेशव्याचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी झाला. 'धरावे'चं 'मारावे' केलं, 'ध'चा 'मा' झाला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलीय. नंतर नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी एकत्र येऊन राघोबाला बाजूला सारलं. त्याला इतिहासात नाव काय? बारभाईंचं कारस्थान. हे नाव घेताना मास्तरांचा आवाज खाली येत नाही, उलट छाती पुढं येते. कारस्थानी म्हणजे राजकारण जाणणारा मुत्सद्दी. हाच शब्द आपल्या वस्तीतल्या बाईला लावून बघा. कारस्थानी बाई! अर्थ लगेच बदलतो.

आता या डोंगराकडं बघा. इथून जवळच देवगाव. राघोजी भांगरे तिथला, महादेव कोळी. 1818 ला पेशवाई बुडाली, इंग्रजांनी किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. गडाच्या घेऱ्यात मेटं राखणारे कोळी, रामोशी, महार यांची पोटापाण्याची सोय गेली. जमिनी सावकाराच्या वहीत गेल्या. 1844 च्या सुमाराला राघोजी उठला. त्याचा रोख सावकारावर आणि सावकारामागं उभ्या असलेल्या सरकारावर होता. शेवटी तो पंढरपुरात पकडला गेला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला.

राघोजीची माणसंही रात्री डोंगरात बसली असतील, कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवलं असेल. त्याला कुणी मसलत म्हटलं नाही. खलबत म्हटलं नाही. सरकारी दप्तरात त्याची जमा बंडाच्या आणि दरोड्याच्या खात्यावर. बारभाईंचं ते राजकारण आणि राघोजीचा तो दरोडा, असा हा हिशेब. शब्दही गावकुसाच्या आत-बाहेर राहतात. माणूस आतला असला तर कारस्थान, बाहेरचा असला तर दरोडा. बंड मोडायला सरकारला आतला माहितगार लागतो. त्याला सरकार म्हणणार माफीचा साक्षीदार. आपली माणसं म्हणणार फितूर. माणूस एकच. या फितूरवर मला पुढं बोलायचंय, कारण तिथं माझाच हात अडकलाय.

सकाळी धरण बघायला गेलो. काम 1910 ला सुरू झालं, 1926 ला पुरं झालं. गव्हर्नर विल्सनच्या नावानं विल्सन डॅम. प्रवरेचं पाणी इथं अडवलं. ते खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यात जातं, तिथून उसाला. त्या पाण्यावर साखर कारखाने उभे राहिले, 1950 च्या आसपास लोणीचा सहकारी कारखाना झाला. धरणाच्या काठावरच्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन चालतात.

आमच्यातला एक जण म्हणाला, "हे षड्यंत्र आहे." षट् म्हणजे सहा. जारणमारणाची सहा कर्मं या शब्दात आहेत असं सांगतात. शब्द भारी आहे, घोषणेत घुमतो. पण मी म्हणलं, दादा, षड्यंत्र करायला लपावं लागतं. इथं कोण लपलं होतं? भूसंपादनाचा 1894 चा कायदा छापील होता. नकाशे होते, गव्हर्नर उद्घाटनाला आला होता. याला सरकार स्कीम म्हणतं. इंग्रजीत स्कीम म्हणजे योजना, आणि स्कीम करणे म्हणजे कारस्थान करणे. साहेबाच्या भाषेत दोन्ही एकाच शब्दात बसतं, लाज नाही. आपले मराठी लोक यावर जे बोलतात ते जास्त खरं : कुठंतरी पाणी मुरतंय.

मग खरोखर आपल्यावर कट कधी झाला? महाडला झाला. 20 मार्च 1927. बाबासाहेब आणि हजारो माणसं दिवसाउजेडी चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली. परिषद जाहीर, ठराव जाहीर, लपवलेलं काही नाही. तासा-दोन तासांत गावात आवई उठवली गेली की महारांचा आता वीरेश्वराच्या देवळात शिरायचा बेत आहे. असा बेत नव्हताच. पण त्या आवईवर लाठ्या निघाल्या, आणि जेवत असलेल्या, घराकडं निघालेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली. न केलेला बेत आपल्या नावावर, आणि केलेली मारहाण म्हणे धर्मरक्षण. तळ्याचा दावा हायकोर्टात 17 मार्च 1937 रोजी आपल्या बाजूनं लागला. त्या आवईचा दावा कुठल्याच कोर्टात लागला नाही.

पण सगळंच महाडसारखं नसतं. माझा आजा परळला गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यात घरी बसला तो बसलाच. तो जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगायचा : विणकाम खात्यात आपल्याला घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढायचं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? त्या खात्यात पगार जास्त, म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यात. बाबासाहेबांनी हा प्रश्न 1928 च्या संपाच्या वेळी धसाला लावला. आता यात कट कुठं? मालकानं खोली बंद करून काही ठरवलं नव्हतं. शेजारच्या साच्यावरचा लाल बावट्याचा कामगारही त्यात सामील होता, तोंडानं समतेची घोषणा देत.

याला शब्द जोतीरावांनी दिलाय. 1869 साली त्यांनी पुस्तकाला नाव दिलं 'ब्राह्मणांचे कसब'. कट नाही म्हणाले, कारस्थान नाही म्हणाले. कसब. म्हणजे धंद्याची हातोटी. सुताराचं कसब, कासाराचं कसब. कट एका रात्रीचा असतो, साधला की संपतो, फुटला की मोडतो. कसब बापाकडून पोराकडं येतं, रोज करायचं असतं, उघड्या ओट्यावर बसून करायचं असतं, आणि करणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतसुद्धा नाही. बाबासाहेबांनीही 1916 साली कोलंबियातल्या निबंधात सांगितलं की जात कुणा एका मनूनं लादली असं म्हणता येत नाही, ती अनुकरणानं पसरली. आपण मात्र भाषणात उठसूट षड्यंत्र शोधतो. षड्यंत्र म्हटलं की एक खोली शोधायची, चार माणसं धरायची, काम संपलं. कसब म्हटलं की शाळा, पाणवठा, लग्न, पगारपत्रक सगळंच तपासावं लागतं. ते कंटाळवाणं काम आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत.

आणि फितूर. गेल्या वर्षी आमच्यातला एक जण मॅनेजरच्या केबिनमध्ये अर्धा तास बसलेला काहींनी बघितला. दुसऱ्या दिवशी युनियनची बातमी ऑफिसात पोचली. मी पत्रक लिहिलं. त्यात त्याचं नाव नव्हतं, पण 'आपल्यातला फितूर' असं होतं, आणि कोण ते सगळ्यांना कळलं. स्टेन्सिल मीच कापलं, दोनशे प्रती मीच ओढल्या. शाई बोटांना तीन दिवस होती. पुढं समजलं, तो आईच्या ऑपरेशनसाठी उचल मागायला गेला होता. उचल मिळाली नाही. बातमी कुणी दिली ते आजतागायत कळलेलं नाही.

कट म्हणायचं तर कोण, कधी, कुठं, कशासाठी, हे सांगावं लागतं. ऑफिसनं माझ्याबद्दल ते सांगितलं नाही म्हणून मी चिडलो. मी तरी त्याच्याबद्दल कुठं सांगितलं होतं?

शेंडीच्या शिबिराला त्याला निरोप धाडला होता. तो आला नाही. परत आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं, तो पाळीवर गेला होता. या अंकाबरोबर मी चार ओळींचा खुलासा संपादकांकडं दिला आहे, माझ्या नावानिशी. जागा कमी पडली तर माझी कविता काढावी, खुलासा छापावा.