ओळखा पाहू: अजिंठ्याचा बॅले कुणाचा?

नृत्यप्रेमींनो, आजचा प्रश्न! १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये आपल्या संभाजीनगरजवळच्या अजिंठ्यावर बॅले झाला. कुणाचा?

उदय शंकर म्हणालात? चूक! तो अॅना पावलोवाच्या मंडळीचा. नृत्यरचना इव्हान क्लुस्तिन यांची, संगीत निकोलाय चेरेपनिन यांचं, दोघेही रशियन. गोंधळ का होतो? त्याच वर्षी उदय शंकरांनी पावलोवासाठी 'राधा-कृष्ण' आणि 'हिंदू विवाह' बसवले, कृष्ण स्वतः नाचले.

हे श्रेय नीट वाटायला हवं. कारण चित्रातून मुद्रा उचलता येते. दोन मुद्रांमधली चाल मात्र नाचणाऱ्याकडूनच शिकावी लागते. पहिल्या लेण्यातली महाजनक जातकातली नर्तकी बघा. सांगा, तिचं पुढचं पाऊल कुठे पडेल?