असंकेतक आरएनए व जनुकनियंत्रण

प्रथिनाची कृती न वाहणाऱ्या आरएनए रेणूंचा वर्ग. मानवी जीनोमचा जेमतेम दीड ते दोन टक्के भाग प्रथिने घडवतो. उरलेल्या भागातून निघणारे काही आरएनए कोणते जनुक केव्हा आणि किती व्यक्त व्हावे हे ठरवतात. एक्सआयएसटी हा लांब आरएनए तर स्त्रीच्या पेशीतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र जवळजवळ पूर्ण गप्प करतो.

सर्वांत नीट उलगडलेला गट मायक्रोआरएनएचा. त्यांची लांबी सुमारे २२ न्यूक्लिओटाइड असते. केंद्रकात ड्रोशा व पेशीद्रवात डायसर ही एंझाइमे लांब पूर्वरूप कापतात, आणि एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसतो. या धाग्यावरील २ ते ८ क्रमांकांचा भाग संदेशवाहक आरएनएवर जुळणारी जागा शोधतो. जागा सापडली की प्रथिननिर्मिती मंदावते किंवा तो संदेशच नष्ट होतो. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना आवरू शकतो, मात्र प्रत्येकावरचा परिणाम बहुधा सौम्य असतो. १९९३ मध्ये सूत्रकृमीत पहिला मायक्रोआरएनए दाखवणारे व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

महाराष्ट्रात या विषयाचे मोलाचे काम खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत, नीलम शिरसाट यांच्या गटाने केले. विषय होता मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मुख्यतः मुलांच्या अनुमस्तिष्कात होणारा कर्करोग. त्याचे चार प्रमुख उपगट आहेत. डब्ल्यूएनटी गटातील बहुतेक मुले बरी होतात, तर तिसऱ्या गटाचा आजार बरेचदा उलटतो. मेंदू व मणक्यावरील किरणोपचार लहान मुलाच्या बुद्धीवर व वाढीवर परिणाम करत असल्याने, ते कोणाला कमी देता येतील हे ठरवण्यासाठी उपगट आधी कळणे फार महत्त्वाचे. शिरसाट यांच्या गटाला डब्ल्यूएनटी अर्बुदांत मायक्रोआरएनएचे वेगळे चित्र दिसले. एमआयआर-१४८ए त्यांत ठळकपणे वाढलेला होता. २०१३ मध्ये त्यांनी निवडक जनुके व मायक्रोआरएनए एकत्र मोजणारी रिअल-टाइम पीसीआर चाचणी प्रसिद्ध केली. पॅराफिन ब्लॉकमध्ये जतन केलेल्या ऊतीतील लांब आरएनए तुटतो, आखूड मायक्रोआरएनए मात्र बराच टिकतो. रुग्णालयांत ऊती बहुधा अशाच ब्लॉकमध्ये असते, म्हणून मायक्रोआरएनएची ही निवड व्यवहाराला धरून आहे.

एमआयआर-१४८ए केवळ खूण नाही. प्रयोगशाळेतील मेड्युलोब्लास्टोमा पेशींत त्याचे प्रमाण वाढवल्यावर न्यूरोपिलिन-१ हे प्रथिन घटले आणि पेशींची पसरण्याची क्षमता कमी झाली. अशा रेणूचे औषध करायचे तर तो रक्त-मेंदू अडथळा ओलांडून अर्बुदापर्यंत पोहोचवावा लागेल. लहान आरएनएचे पहिले मान्यताप्राप्त औषध, २०१८ चे पॅटिसिरान, यकृतात काम करते. मेंदूची वाट त्याहून अवघड आहे.