साम्राज्याचे हस्तक? एका आरोपाची तपासणी

परदेशातून आलेला मिशनरी म्हणजे गोऱ्या सत्तेची पुढची फळी, त्याच्या शाळा आणि दवाखाने म्हणजे आमिष, आणि त्याचं कुटुंब म्हणजे बंगल्यात सुखानं राहणारी साहेबमंडळी, हे मत आपल्याकडे इतकं रुळलं आहे की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. के. एम. पणिक्कर यांनी 1953 मध्ये ‘एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स’ या ग्रंथात मिशनांचा विचार पाश्चात्त्य वर्चस्वाच्या इतिहासातच केला. त्यामुळे या मताला विद्वत्तेचं पाठबळही मिळालं.

पूर्वपक्ष कच्चा नाही. गोव्यात पोर्तुगीज राजाला बिशप नेमण्याचा हक्क होता, चर्चचा खर्च राजाच्या तिजोरीतून चाले, आणि 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन आलं. राज्य आणि चर्च तिथे एकाच गाड्याला जुंपलेले होते. गोव्यापुरता हा आरोप मी पूर्णपणे मान्य करतो. माझा आक्षेप आहे तो गोव्याचं माप मुंबईला आणि नगरला लावण्यावर.

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनांपैकी सर्वांत आधी ठाण मांडलं ते अमेरिकन मराठी मिशननं. 1812 मध्ये काही तरुण जोडपी आणि त्यांचे अविवाहित सोबती अमेरिकेहून कलकत्त्याला पोहोचले. कंपनी सरकारनं त्यांचं स्वागत कसं केलं? चालते व्हा, असा हुकूम काढून. 1806 चं वेल्लोरचं बंड कंपनी विसरली नव्हती. धर्मात हात घातला तर शिपाई बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही तिची भीती होती. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलं आणि ही माणसं शत्रुराष्ट्राची ठरली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. इथेही हद्दपारीचा हुकूम त्यांच्या पाठोपाठ आला. ते कोचीनला पळाले, त्यांना धरून परत आणलं गेलं. त्यांनी गव्हर्नर नेपियन यांना कळकळीचं निवेदन लिहिलं आणि मोठ्या मिनतवारीनंतर त्यांना राहू दिलं गेलं. ज्या सत्तेचे हे हस्तक म्हणायचे, तीच सत्ता त्यांना जहाजावर बसवून हाकलायला निघाली होती.

यावर उत्तर मिळतं की पुढे तरी त्यांनी इंग्रजी राज्याचा फायदा घेतलाच ना? घेतला. रस्ते, टपाल, पेशवाईनंतरची शांतता यांचा फायदा प्रार्थना समाजालाही झाला, सत्यशोधक समाजालाही झाला. एखाद्या राज्याच्या छत्राखाली काम करणं आणि त्या राज्यासाठी काम करणं यांत जो फरक आपण स्वतःच्या सुधारकांसाठी करतो, तोच इथेही करायला हवा. या मिशनचा पैसा न्यू इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या वर्गणीतून येई, कंपनीच्या खजिन्यातून नव्हे.

आता कुटुंबांकडे वळू, कारण रुळलेल्या मताची सर्वांत मोठी चूक तिथेच आहे. त्यात मिशनरी नेहमी एकटा पुरुष असतो, हातात ग्रंथ घेतलेला. प्रत्यक्षात आली ती घरं. हॅरिएट न्यूएल त्याच पहिल्या तुकडीतली. हद्दपारीमुळे भटकताना समुद्रावरच तिला मूल झालं आणि ते गेलं. पाठोपाठ नोव्हेंबर 1812 मध्ये मॉरिशसला तीही गेली, एकोणीस वर्षांची असताना. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईत आला आणि 1821 मध्ये पटकीनं मेला. गॉर्डन हॉल यांनी आजारपणामुळे बायको-मुलांना अमेरिकेला पाठवलं. मग मार्च 1826 मध्ये नाशिककडून परतताना सिन्नरजवळच्या दोडी-दापूरला तेही पटकीनंच गेले. वय एक्केचाळीस. बंगल्यातल्या सुखाची गोष्ट करणाऱ्यानं या मृत्यूंचा हिशेब द्यावा.

ह्यूम घराण्याची तर तीन पिढ्यांची हकीकत आहे. रॉबर्ट विल्सन ह्यूम 1839 मध्ये मुंबईत आले आणि 1854 मध्ये मायदेशी परतताना समुद्रावरच वारले. भायखळ्यात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अॅलन अमेरिकेत शिकून 1874 मध्ये नगरला आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं राहिला. 1901 मध्ये सरकारनं रॉबर्ट अॅलन यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. विरोधकांना हा भक्कम पुरावा वाटतो. पण ते पदक कशासाठी, हेही पाहावं. 1899-1900 च्या, म्हणजे छप्पनच्या, दुष्काळात अमेरिकेतल्या लोकांनी पाठवलेला पैसा आणि धान्य उपाशी माणसांपर्यंत पोहोचवल्याबद्दल.

त्याहून महत्त्वाची मला 1886 सालची घटना वाटते. सुटीवर अमेरिकेत गेलेले ह्यूम उघडपणे म्हणाले की ज्यांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलं नाही, त्यांच्यासाठी मृत्यूनंतर आशेचं दार बंद आहे असं मानता येत नाही. मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डात वादळ उठलं, आणि त्यांना परत पाठवायलाच बोर्डानं काही काळ नकार दिला. नगरच्या माणसांमध्ये राहिल्यानं ज्याचं स्वतःचं धर्ममत हललं, आणि ज्यानं त्यासाठी पोटावर पाय येऊ दिला, त्याला नुसता प्रचारक म्हणणं अन्याय आहे. त्यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरच्याच इस्पितळात राबली. मुंबईत जन्मलेला पुतण्या रॉबर्ट अर्नेस्ट यानं 1921 मध्ये तेरा प्रमुख उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं.

मिशनऱ्यांनी इथल्या विद्येला तुच्छ लेखलं, हाही आरोपाचाच एक भाग. एबेनेझर बर्जेस याच मिशनचे. त्यांचं ‘सूर्यसिद्धान्ता’चं भाषांतर 1860 मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात आलं. भारतीय ज्योतिष मुख्यतः ग्रीकांकडून आलं, असं अमेरिकेतले संस्कृतचे विद्वान व्हिटनी यांचं मत. बर्जेस यांनी त्याच ग्रंथात आपला मतभेद नोंदवला: या शास्त्रात भारतीय बरेच स्वतंत्र आहेत आणि शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारेच अधिक आहेत. इथे राहिलेल्या मिशनऱ्यानं भारताची बाजू घ्यावी आणि घरी बसलेल्या अभ्यासकानं ती नाकारावी, हे रुळलेल्या मताच्या चौकटीत बसतच नाही. याच मिशनचे जस्टिन अॅबट यांनी निवृत्तीनंतरची वर्षं मराठी संतचरित्रं इंग्रजीत नेण्यात घालवली.

मग मिशनं निर्दोष होती का? मुळीच नाही. या लोकांना धर्मांतर हवं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. दुष्काळातली पोरकी मुलं मिशनच्या छत्राखाली ख्रिस्ती म्हणून वाढली, हा प्रश्न आजही टोचतो. आणि सर्वांत मोठा दोष मंडळीच्या आत होता. भारतीय पाळक काम करी, पैशाच्या नाड्या मात्र परदेशी मिशनरींच्या हाती. ख्रिस्ती मराठी कवी ना. वा. टिळक यांनी अखेर 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो याच बंधनातून सुटण्यासाठी. ह्यूम यांच्याबद्दल त्यांना जिव्हाळा होता, तरीही त्यांनी हे पाऊल उचललं.

मंडळीच्या आतल्या या दोषाचा आरोप पुराव्यावर टिकतो, कारण तो मंडळीतल्याच एका मोठ्या मराठी कवीनं आपल्या कृतीनं केला आहे. साम्राज्याचे हस्तक असल्याचा आरोप मात्र अमेरिकन मराठी मिशनपुरता तरी टिकत नाही. तो मागे घ्यावा.