रुग्णाभ्यंग : देहाला लाभणारा कृपास्पर्श

रुग्णाभ्यंग हा ख्रिस्तसभेच्या सात साक्रामेंतांपैकी एक. आजाऱ्याने ख्रिस्तसभेच्या वडीलजनांना बोलवावे व त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असा आदेश संत याकोबाच्या पत्रात (५:१४-१५) आहे. पूर्वीच्या विधीत डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांना तेल लावून त्या त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागितली जाई. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या विधीचे नूतनीकरण केले. नव्या विधीत धर्मगुरू प्रथम रुग्णाच्या मस्तकावर मूकपणे हात ठेवतात आणि मग कपाळाला व हातांना अभ्यंग करतात.

‘अंत्याभ्यंग’ या जुन्या नावामुळे धर्मगुरूंचे येणे म्हणजे मरणाची चाहूल, अशी भीती अनेकांच्या मनात आहे. परिणामी रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत त्यांना बोलावले जात नाही. वस्तुतः गंभीर आजारात, वार्धक्याच्या दुर्बलतेत, तसेच मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी हा साक्रामेंत घेता येतो. प्रकृती अधिक ढासळल्यास पुन्हाही घेता येतो. शुद्ध हरपलेल्यालाही तो देता येतो, हे खरे. तथापि प्रार्थना कानी पडत असताना, तेलाचा स्पर्श जाणवत असताना आणि ओठांत ‘आमेन’ म्हणण्याचे बळ असतानाच धर्मगुरूंना बोलवावे.