पांढरा कोळसा आणि मुळशीची जमीन

कोळसा विरुद्ध सौर-पवन हा वाद ऐकताना वाटतं, की हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आहे. एका बाजूला हवामानबदल आणि सौरपॅनेलच्या घसरत्या किमती, दुसऱ्या बाजूला 'रात्री सूर्य कुठून आणणार?' हा ठरलेला सवाल. प्रत्यक्षात मुंबईने कोळसा सोडून नूतनीकरणक्षम ऊर्जेकडे वळायचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी केला आहे. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम जमला. त्याच प्रयोगातून आपल्याकडचा पहिला मोठा धरणविरोधी लढाही उभा राहिला. या दोन गोष्टी एकत्र फारशा सांगितल्या जात नाहीत. उद्योगाच्या इतिहासात जमशेटजी टाटांची दूरदृष्टी येते, स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सेनापती बापट येतात, आणि मधला घाट कुणी उतरत नाही. या लेखात तो उतरून पाहायचा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई वाफेवर चालत होती. गिरणीत बॉयलर, त्यावर वाफेचं इंजिन, इंजिनावरून फिरणारे दांडे आणि दांड्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत जाणारे चामड्याचे पट्टे अशी ती रचना. मुंबईच्या आसपास कोळसा नाही. तो बंगाल-बिहारच्या खाणींतून दीड-दोन हजार किलोमीटर ओढून आणावा लागे किंवा जहाजाने परदेशातून मागवावा लागे. म्हणजे गिरणीमालकाच्या खर्चात वाहतुकीचा वाटा मोठा होता, आणि शहराच्या वाट्याला धूर येत होता. हा धूर इतका झाला, की १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. प्रदूषणाची तक्रार ही आजच्या पर्यावरणवाद्यांची फॅशन आहे असं मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

उपाय सह्याद्रीत होता. मावळात पाऊस धो धो पडतो. तिथल्या इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्या पूर्वेला वाहत भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतात. पण घाटमाथ्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकणात जवळजवळ सरळ उतार आहे. माथ्यावर पाणी अडवायचं, पूर्वेला जाऊ द्यायचं नाही, आणि लोखंडी नळांतून पश्चिमेला खाली सोडायचं, ही मूळ कल्पना. डेव्हिड गोस्टलिंग या मुंबईतल्या अभियंत्याने ती जमशेटजींपुढे मांडली. हिशेब सोपा आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं, तर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.३६ युनिट ऊर्जा मिळते. नळ, टर्बाइन आणि जनित्रातली घट धरली तरी एक युनिट नक्की हाती लागतं. तेवढ्याच विजेसाठी आजच्या औष्णिक केंद्रालाही सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना तर कितीतरी जास्त लागे. युरोपात आल्प्सच्या पाण्याला तेव्हा 'पांढरा कोळसा' म्हणू लागले होते. सह्याद्रीत हा पांढरा कोळसा दर जूनमध्ये आपण होऊन भरला जात होता.

जमशेटजी १९०४ साली वारले. दोराबजी टाटांनी योजना पुढे नेली आणि १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजारात मनासारखं भांडवल उभं राहीना, तेव्हा संस्थानिक आणि देशी गुंतवणूकदार पुढे आले. १९११ साली लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईला वीज आली. १९२२ साली भिवपुरी सुरू झालं. तिसरी योजना होती मुळशीची. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी भिरा इथे खाली सोडायचं.

इथवरची गोष्ट सरळ प्रगतीची आहे आणि ती खोटी नाही. भांडवल देशी, तंत्र नवं, धूर कमी, परदेशी कोळशावरचं अवलंबन कमी. स्वदेशीचा याहून चांगला नमुना काढून दाखवणं अवघड होतं. म्हणूनच मुळशीचा पेच अवघड झाला.

मुळशीच्या धरणाखाली पन्नासाहून अधिक गावं आणि काही हजार माणसं येत होती. जमिनी घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा होता. 'सार्वजनिक हित' असं सरकारने म्हटलं की जमीनमालकाची संमती लागत नसे, फक्त मोबदला किती एवढाच प्रश्न उरे. कंपनी खासगी, नफा भागधारकांचा, ग्राहक प्रामुख्याने गिरण्या. तरी जमीन सार्वजनिक हितासाठी. हे कुणाचं हित, हा प्रश्न मावळातल्या शेतकऱ्याने विचारला. १६ एप्रिल १९२१ या दिवशी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. माणसं कामाच्या जागी जाऊन बसली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. पुढच्या तीन वर्षांत शेकडो लोक तुरुंगात गेले आणि त्यांत बायकाही होत्या.

नेतृत्वात पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावं ठळक. बापटांना 'सेनापती' ही पदवी मुळशीनेच दिली. त्यांच्याबद्दलचा एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ते शिष्यवृत्तीवर इंग्लंड-स्कॉटलंडला गेले होते ते अभियांत्रिकी शिकायला. यंत्र म्हणजे काय हे न कळणाऱ्या माणसाने यंत्राला केलेला विरोध, असं मुळशीचं वर्णन करता येत नाही. टर्बाइन कसं फिरतं हे समजू शकणारा माणूस ते कुणाच्या जमिनीवर फिरतं हे विचारत होता. १९२४ च्या अखेरीस त्यांनी साथीदारांसह कामासाठी धावणारी रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि आंदोलन संपलं. १९२७ साली भिरा केंद्र सुरू झालं.

सत्याग्रह का हरला, याचं एक उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला, त्यात हा भाग नीट आलेला आहे. बुडणाऱ्या जमिनीतली बरीचशी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. कसणारा मावळा अनेक ठिकाणी कूळ होता. मोबदल्याचा दर वाढवून मिळण्याची चिन्हं दिसली तशी सावकारांची लढण्याची इच्छा ओसरली. त्यांच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम होती आणि रक्कम मिळत होती. कसणाऱ्यासाठी जमीन म्हणजे पुढच्या वर्षीचा भात होता. त्याचा मोबदला कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. पुण्याच्या राजकीय पुढाऱ्यांतही फाटे फुटले. देशी उद्योगाला विरोध करायचा की देशी शेतकऱ्याला एकटं सोडायचं, या प्रश्नाला राष्ट्रवादाच्या पोथीत तयार उत्तर नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे जे मोजलं जातं तेच सुधारतं, हा रोजचा अनुभव. डॅशबोर्डवर सर्व्हरचा खर्च असेल तर तो कमी होतो. वापरणाऱ्याचा गेलेला वेळ तिथे नसेल तर तो वाढत राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टाटांच्या अभियंत्यांनी पाऊस मोजला, उतार मोजला, कोळशाची बचत मोजली. ते उत्तम अभियंते होते आणि त्यांचं गणित शंभर वर्षं टिकलं आहे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा आजही वीज देतात. पण कूळ हे त्या गणितातलं चल नव्हतंच. जे समीकरणात नाही त्याचं उत्तर चुकत नाही, ते निघतच नाही.

आता याचा दुसरा कान पकडायला हवा. मुळशीची गोष्ट सांगून 'बघा, तुमची स्वच्छ ऊर्जाही लोकांना उठवते, मग कोळसाच बरा' असं म्हणणारे भेटतात. हा युक्तिवाद लबाड आहे. कोळसाही जमीन खातो, फक्त ती मुंबईपासून लांबची असते. झरियाच्या खाणींत जमिनीखाली आग लागल्याची नोंद १९१६ सालची आहे. खोपोली सुरू झाल्यानंतरचंच वर्ष. ती आग शंभर वर्षांनंतरही धुमसते आहे, आणि तिच्यावर वसलेल्या वस्त्या हलवण्याचं काम अजून संपलेलं नाही. विदर्भातल्या लोकांना खाणी आणि राखेचे तलाव काय असतात हे वेगळं सांगायला नको. कोळसा जाळत राहणं म्हणजे कुणालाच न उठवणं, असा पर्याय उपलब्धच नाही. प्रत्येक ऊर्जेची किंमत कुणीतरी देतं. वाद त्या 'कुणीतरी'बद्दल व्हायला हवा, आणि तोच सहसा होत नाही.

पाण्याचंही तेच. घाटाखाली गेलेलं पाणी परत वर येत नाही. भिऱ्याचं पाणी कुंडलिका नदीत उतरतं. त्यावर रोह्याचे कारखाने चालतात, कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात. तेच पाणी वळवलं नसतं तर भीमेतून उजनीकडे, सोलापूरकडे गेलं असतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवण्यावर मर्यादा घातली, तरी दुष्काळ पडला की मुळशीचं पाणी पूर्वेला सोडा ही मागणी पुन्हा उठते. 'नूतनीकरणक्षम' या शब्दात हे दिसत नाही. पाऊस दरवर्षी येतो हे खरं, पण त्याच पावसावर दुसऱ्या कुणाचाही डोळा असू शकतो.

आज या जुन्या तळ्यांना पुन्हा भाव आला आहे. सौरऊर्जेची अडचण साठवणुकीची. दुपारी वीज जास्त, संध्याकाळी मागणी जास्त. त्यावरचा जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे दुपारच्या विजेने पाणी पंपाने वर चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं. भिऱ्याला असा १५० मेगावॉटचा संच नव्वदच्या दशकापासून आहे. २०२३ साली टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात भिवपुरी आणि शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांचा करार झाला. म्हणजे ज्या घाटाने मुंबईचा पहिला कोळसा वाचवला, तोच घाट सौरऊर्जेची बॅटरी होऊ घातला आहे. अभियंता म्हणून मला हे मनापासून आवडतं.

आणि जमिनीचं? १८९४ चा कायदा गेला. त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आली. मुख्य म्हणजे 'बाधित कुटुंब' या व्याख्येत मालकाखेरीज त्या जमिनीवर पोट असलेला कूळ आणि शेतमजूरही आला. मुळशीच्या मावळ्याला नव्वद वर्षांनी रकाना मिळाला.

पण सौरप्रकल्प आता मोठ्या प्रमाणात भूसंपादनाऐवजी भाडेपट्ट्याच्या वाटेने जातात. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. मालकी कायम राहते, दरवर्षी पैसे येतात, कुणावर जबरदस्ती नाही. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला हा व्यवहार चांगला आहे, आणि मुळशीपेक्षा तर कितीतरी सभ्य. मात्र भाडेपट्टा हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार. त्यात संमती लागते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची. त्या शिवारात खुरपायला जाणारी बाई, वाट्याने कसणारा शेतकरी, पडीक रानात शेळ्या चारणारा धनगर यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. २०१३ च्या कायद्याने ज्यांना आत घेतलं ते कराराच्या वाटेने पुन्हा बाहेर राहू शकतात. १९२१ साली सावकाराने पैसे घेतले आणि कूळ उरलं. आज जबरदस्ती गेली आहे, सावकार-कुळाचा हिशेब मात्र तसाच आहे.

हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे. भाडेपट्ट्याआधी गावात त्या जमिनीवर कोण कोण राबतं याची ग्रामसभेपुढे यादी करायची, भाड्यातला ठरावीक वाटा त्यांच्यासाठी ठेवायचा, चराईच्या वाटा मोकळ्या सोडायच्या. यातलं काहीही पाचशे मीटर उंचीवरून पाणी उतरवण्याइतकं अवघड नाही, आणि यामुळे वीज फार महाग होणार नाही.

कोळसा सोडावा लागणार आहे. लवकर सोडला तर बरं. मुळशीची आठवण त्या कामात खोडा घालण्यासाठी नको. बापट आणि त्यांच्यासोबत तुरुंगात गेलेले मावळे विजेला नको म्हणत नव्हते, आम्हाला विचारा म्हणत होते. विचारायला तेव्हा कायदा नव्हता आणि सवडही नव्हती. आता दोन्ही आहेत.