ऑफिस आणि त्याचे सोयरे

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे बाजाराचे गाव असल्याने, आणि पोलीस ठाणे व कृषी उत्पन्न बाजार समिती ही दोन वजनदार ठिकाणे तेथे असल्याने, आसपासच्या खेड्यांतील माणसाला कागदाच्या कामासाठी तेथे किंवा तेथून पुढे पूर्णेला जाणे चुकत नाही. परंतु आपण कोठे निघालो हे सांगताना तो ‘ऑफिसात जातो’ असे सहसा म्हणत नाही. तो ‘तहसीलला’ जातो, ‘सज्जावर’ जातो, ‘मार्केट कमिटीत’ जातो, आणि ‘ठाण्यात’ जाण्याचा प्रसंग आलाच तर आवाज थोडा खाली आणून तेही सांगतो. इंग्रजी भाषा ज्या एका शब्दात ही सारी स्थळे कोंबते, त्या शब्दाचे या मुलखात फारसे अडलेले नाही. आणि त्याचे कारण शोधू लागले म्हणजे त्या शब्दाची आणि त्याच्या सोयऱ्यांची मोठी मनोरंजक वंशावळ हाती येते.

‘ऑफिस’ हा शब्द जन्मतः स्थलवाचक नव्हेच. लॅटिनमध्ये ‘ओपुस’ म्हणजे काम आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे, यांच्या संयोगातून ‘ओफिकियुम’ हा शब्द सिद्ध झाला आणि त्याचा अर्थ होता कर्तव्य. सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 या वर्षी, आयुष्याच्या अखेरीस, पुत्राला उद्देशून जो ग्रंथ लिहिला त्याचे ‘दे ओफिकीस’ हे नाव वाचून त्यात कारकुनांची हकीकत असेल असे कोणास वाटल्यास त्याची निराशा होईल. तो आहे सदाचाराचा विवेक, आपल्याकडील भाषेत सांगायचे तर धर्मशास्त्राचा ग्रंथ. पुढे ख्रिस्ती धर्मपीठाने तोच शब्द उपासनेच्या नित्यकर्मास लावला, मग अधिकारपदास लावला, आणि ज्या खोलीत बसून ते पद चालवायचे त्या खोलीपर्यंत तो फार उशिराने येऊन पोहोचला.

आमच्या शेजारी तर तो इंग्रजांच्याही आधी, पोर्तुगीज वेषात आणि अत्यंत भयंकर रूपाने अवतरला. गोव्यात 1560 साली स्थापन झालेल्या धर्मन्यायपीठाचे नाव ‘सांतु ओफीसियु’, म्हणजे पवित्र कर्तव्य, असे होते. मधली अल्प खंडाची वर्षे सोडता ते 1812 पर्यंत चालले आणि जुन्या गोव्यात, विजापूरकरांच्या अमदानीतील वाड्यात, त्याचे ठाण होते. स्थानिक लोक त्या वास्तूला नुसते ‘मोठे घर’ म्हणत. या नावात जो धाक भरलेला आहे तो कोणत्याही फलकावर रंगवून आला नसता.

आता दप्तराकडे वळू, कारण खरी रसाळ कथा त्याची आहे. ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. पपायरसची टंचाई असे त्या काळी आयोनियन ग्रीक शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत आणि म्हणून पुढेही लेखनाच्या गुंडाळ्यांना कातडीच म्हणत राहिले, असे हिरोडोटसने नमूद करून ठेवले आहे. हा शब्द पूर्वेकडे सरकत फारसीत ‘दफ्तर’ झाला, अरबीत रुजला आणि मुसलमानी अमलाबरोबर दक्षिणेत येऊन मराठीने त्याला ‘दप्तर’ असे आपल्या उच्चाराचे केले. विस्मय असा की, 1826 साली ब्रेटोनो या फ्रेंच वैद्याने घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला नाव दिले तेही याच ग्रीक शब्दावरून. तेव्हा पाठीवर दप्तर घेऊन शाळेला निघालेले मूल आणि ज्याची लस त्याला तान्हेपणी टोचली तो घटसर्प, म्हणजे इंग्रजीतील डिफ्थेरिया, यांचे गोत्र एकच आहे, हे त्या मुलाच्या गुरुजींनाही बहुधा ठाऊक नसते.

मराठीत दप्तराने तीन जन्म घेतले. प्रथम ते कागदांचा संग्रह झाले. नंतर संग्रह जेथे ठेवायचा ती जागा, आणि तिच्यावरून दफ्तरदार हा अधिकारी व त्याच्या वंशजांचे आडनाव. शेवटी, राज्ये बुडाल्यावर, ते पोरांच्या पाठीवर चढले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या अवधीत 45 खंडांत जे निवडक कागद प्रसिद्ध केले ते असल्याच रुमालांतून निघाले. इकडे फ्रान्सात मेजावर अंथरायच्या जाड लोकरी कापडाला ‘ब्यूर’ म्हणत. त्यावरून मेजाला, मेजावरून खोलीला आणि खोलीवरून खात्याला ‘ब्यूरो’ हे नाव पडले. आम्ही कापडात कागद बांधले आणि त्यांनी कापडावर कागद मांडले, इतकाच फरक.

फारसीच्याही आधी या मुलखाला कचेरी नव्हती असे मात्र समजू नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ‘श्रीकरणाधिप’ म्हणवीत असे. ‘करण’ म्हणजे राज्याचा लेखविभाग, आणि गावोगावच्या कुळकर्ण्याच्या नावात तो शब्द अद्याप जीव धरून आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले आणि त्यांतले अमात्य, सचिव, सुमंत हे पदवाचक शब्द इतिहासात गाजले. तरी दप्तर आणि कचेरी यांना कोणी हलवू शकले नाही. कचेरीने तर आणखीच मौज केली: तमिळ देशात जाऊन ती गाण्याची बैठक झाली, आणि तेथील रसिक ‘कचेरी’ला जातो तो अर्ज घेऊन नव्हे, तर राग ऐकण्यासाठी.

परभणीकडील स्थिती निराळी होती, कारण हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली तेव्हा जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि त्याखाली तहसीलदार आले. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात राजदरबारची फारसी जाऊन उर्दू आली. आणि 17 सप्टेंबर 1948 पावेतो, म्हणजे निजामी अंमल संपेपर्यंत, येथील रयतेचा सरकारशी जो संबंध आला तो या शब्दांवाटेच आला. ‘तहसील’ म्हणजे अरबीत वसूल करणे. ज्या कामासाठी सरकार होते त्याच कामाचे नाव लोकांनी इमारतीला दिले, आणि लॅटिन ‘ओफिकियुम’ जी वाट चालून आला तीच वाट, रोमचे नावही न ऐकता, हा शब्द चालून गेला. ‘सज्जा’ही तसाच: तो मुळात एका तलाठ्याकडे सोपविलेल्या गावांचा समूह, आणि आज तलाठ्याची खोली.

मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हा या शब्दांची देवघेव झाली. 1966 च्या जमीन महसूल संहितेत पश्चिमेकडचा मामलेदार मागे पडून आमचा तहसीलदार सबंध राज्याचा झाला, आणि उलट आमचा पटवारी जाऊन तिकडचा तलाठी गावात आला. हा सौदा समसमान झाला असे मला वाटते, जरी पटवारी या शब्दाची जरब तलाठ्यात उतरली नाही.

पाट्यांवर मात्र सर्वत्र ‘कार्यालय’ आले. कोशकारांनी ते ‘ऑफिस’साठी योजले आणि, नकळत का होईना, नेमका नेम धरला, कारण मराठीत ‘कार्य’ म्हणजे कामही आणि लग्नमुंजही, जसा रोमच्या शब्दात अधिकारही होता आणि उपासनाही. म्हणूनच ‘कार्यालयात गर्दी होती’ एवढेच कोणी सांगितले तर परभणी जिल्ह्यातला श्रोता आधी विचारतो की, लग्न कोणाचे होते. आणि सातबाऱ्यासाठी ताटकळत बसलो होतो असे कळले, की म्हणतो, मग तहसीलला गेलतो असे सांगा की.